स्मारक झालेला तुरुंग आणि तुरुंगाचा ग्रंथ : 'माझी जन्मठेप'चे एक पुनर्वाचन

१

यातनेची स्थळे जपून ठेवावीत की काळाच्या ओघात नाहीशी होऊ द्यावीत, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात तीव्रतेने उभा राहिला. पोलंडमधील आउश्वित्झ येथील छळछावणीचे १९४७ मध्ये संग्रहालयात रूपांतर झाले. जर्मनीतील डाखाउ येथे मार्च १९३३ मध्ये छावणी उघडण्यात आली होती; तेथील स्मारकस्थळ १९६५ मध्ये लोकांस खुले झाले. भारतात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अंदमानातील सेल्युलर जेल. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्रास अर्पण झाले. योगायोग असा की, आउश्वित्झचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला तोही त्याच वर्षी.

ही दोन स्थळे एका जातीची नव्हेत, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. आउश्वित्झ येथे एका मानवसमूहाचा समूळ संहार करण्याची यंत्रणा उभारण्यात आली होती. अंदमानात दंडसंहितेच्या आधारे शिक्षा झालेल्या माणसांकडून श्रम करून घेण्याची व त्यांचे मन मोडण्याची व्यवस्था होती. दोहोंतील अंतर पुसून टाकणे हा दोन्ही ठिकाणच्या बंदिवानांवर अन्यायच होय. तथापि बंदिवासाचे स्थळ स्मारक झाले म्हणजे त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

मराठी वाचकास, आणि त्यातही नाशिक जिल्ह्यातील वाचकास, या प्रश्नाशी परकेपणाने वागता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला. त्या खटल्यातील वामन नारायण जोशी जन्मठेपेवर अंदमानात गेले. बाबाराव सावरकर त्यांच्याही आधी काव्यप्रकाशनाच्या आरोपावरून दोषी ठरून तेथे पोचले होते. भगूरास जन्मलेले विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन तेथे उतरले. गिरणेच्या खोऱ्यातील देवळ्यासारख्या गावाहून अंदमानास निघालेला प्रवासी म्हणूनच निव्वळ पर्यटक नसतो. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण पाहावयास तो जात असतो. या प्रकरणाचा ग्रंथही मराठीत आहे. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझी जन्मठेप'चे नाव अशा प्रवाशाने बहुधा ऐकलेले असते. तो ग्रंथ वाचलेला असतोच असे मात्र नाही.

एकाच तुरुंगाची स्मृती अशा रीतीने दोन ठिकाणी जपली गेली आहे : एक वास्तूत आणि दुसरी ग्रंथात. या दोन्हींत जपलेली वस्तू एकच आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम वास्तूचा विचार करू. अंदमानातील दंडवसाहत १० मार्च १८५८ रोजी दोनशे बंदिवानांनिशी सुरू झाली. पहिली काही दशके तेथे भिंतींच्या तुरुंगाचे महत्त्व फारसे नव्हते. भोवतालचा समुद्र हीच भिंत होती. १८९० मध्ये लायल व लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली. हद्दपारीचा धाक पूर्वीसारखा उरलेला नाही, म्हणून शिक्षेच्या आरंभी कठोर बंदिवासाचा एक टप्पा असावा, असे त्यांनी सुचविले. त्या विचाराचे मूर्त रूप म्हणजे सेल्युलर जेल. बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये पूर्ण झाले. मधोमध टेहळणीचा मनोरा, त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात तिमजली चाळी, आणि त्यांत सातशेच्या जवळपास कोठड्या. प्रत्येक कोठडी एका माणसाची. एका चाळीची दारे दुसऱ्या चाळीच्या पाठीकडे तोंड करून असल्याने समोरच्या कोठडीतील माणसाचे तोंड दिसण्याचा संभवच नव्हता. 'सेल्युलर' या नावातच कोठडी हा शब्द आहे, आणि माणसास माणसापासून तोडणे हाच या वास्तुरचनेचा एकमेव सिद्धान्त आहे.

हा सिद्धान्त वास्तू आजही शब्दांवाचून सांगते, आणि स्मारकाचे सर्वांत मोठे सामर्थ्य तेच होय. कोठडीत उभे राहून डोक्याच्याही वर असलेल्या झरोक्याकडे पाहिले असता एकांतवास या शब्दाचा जो प्रत्यय येतो, तो कोणत्याही वर्णनाने येणार नाही. सात चाळींपैकी आज तीनच उभ्या आहेत, आणि मूळ आवारातच १९६३ पासून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. तरीही उरलेल्या भागावरून संपूर्ण आराखड्याची कल्पना करणे कठीण जात नाही.

वास्तूखेरीज स्मारकात जे मांडलेले आहे त्याचे स्वरूप मात्र वेगळे आहे. मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर प्रांतवार राजबंदींची नावे कोरलेली आहेत. फाशीघर आहे, फटके मारण्याची चौकट आहे, कोलूस जुंपलेल्या बंदिवानाची प्रतिकृती आहे. सातव्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरील सावरकरांच्या कोठडीपुढे दर्शनार्थींची रांग लागते. समोरच्या उद्यानात इंदुभूषण रॉय, बाबा भानसिंग, रामरखा, महावीरसिंग, मोहित मैत्र, मोहन किशोर नामदास इत्यादी हुतात्म्यांचे पुतळे आहेत. यांपैकी शेवटचे तिघे १९३३ च्या अन्नत्यागात मृत्यू पावले. सायंकाळच्या ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमात आवारातील पिंपळास निवेदक करून ही कथा अनेक वर्षे सांगितली गेली.

या मांडणीतील प्रत्येक गोष्ट आदरास पात्र आहे. परंतु तिची रचना बारकाईने पाहिली असता तीत दोनच पक्ष दिसतात. एका बाजूस नाव असलेला हुतात्मा अथवा वीर, दुसऱ्या बाजूस क्रूर परकीय अधिकारी. दर्शनार्थी पहिल्यास वंदन करतो, दुसऱ्याचा धिक्कार करतो आणि बाहेर पडतो. २००४ मध्ये तेथील स्वातंत्र्यज्योतीजवळील सावरकरांच्या वचनांचा फलक काढल्यावरून मोठा वाद झाला, तोही याच चौकटीत राहिला. त्या वादाचे राजकीय गुणदोष हा येथील विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, फलकावर कोणाचे शब्द असावेत हा प्रश्न दोन्ही पक्षांनी हिरिरीने लढविला. फलकावर कधीच नसलेल्या माणसांचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

३

ही फलकावर नसलेली माणसे कोण, हे 'माझी जन्मठेप' वाचू लागताच उमगते. ग्रंथातील तुरुंगात गोरे अधिकारी संख्येने अगदी थोडे आहेत. मुख्य तुरुंगाधिकारी बारी पानोपानी भेटतो. पण शेकडो कोठड्यांवर नजर ठेवणे, काम मोजून घेणे, बोलणे थांबविणे, शिवी देणे, मारणे ही दैनंदिन कामे तो स्वतः करीत नाही. ती वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल आणि जमादार करतात. आणि हे सारे स्वतः बंदिवानच आहेत. खून, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप झालेला माणूस काही वर्षे निभावून नेतो, वरिष्ठांची मर्जी संपादन करतो आणि कालच्या आपल्या सोबत्यावर अधिकार गाजवू लागतो. बंदिवानाने पहिले सहा महिने कोठडीत काढावेत, मग क्रमाक्रमाने बाहेरच्या कामावर जावे आणि सुमारे दहा वर्षांनंतर 'तिकीट' मिळवून स्वतंत्रपणे राहावे, अशी वसाहतीची पायऱ्यांची योजना होती. या पायऱ्यांवर चढण्याची आशा हेच शासनाचे खरे हत्यार होते. बेडीपेक्षा बढतीने ही व्यवस्था अधिक चालत असे.

ग्रंथाचे वाङ्मयीन मोल येथे आहे. सावरकरांची शैली वक्त्याची आहे. ती युक्तिवाद करते, उपहास करते, प्रसंगी दीर्घ पल्ल्याच्या वाक्यांत उसळते. या वक्तृत्वाकडेच बहुतेक टीकाकारांचे लक्ष गेले आहे. परंतु ग्रंथ टिकून राहतो तो त्यातील संवादांमुळे. जमादार मिर्झाखान, निरनिराळे वॉर्डर, भित्रे व धीट बंदिवान यांची बोलणी लेखकाने नाटककाराच्या कानाने टिपली आहेत. वरचा अधिकारी आला की जमादाराचा स्वर कसा बदलतो, तो गेला की पुन्हा कसा चढतो, राजबंदीशी एकांतात दोन शब्द बोलणारा वॉर्डर चारचौघांत त्याच्यावरच कसा गुरकावतो, ही सारी सूक्ष्म स्थित्यंतरे ग्रंथात आहेत. वास्तू भिंती दाखविते. ग्रंथ भिंतींच्या आतील नाती दाखवितो.

कोलूचे उदाहरण घ्यावे. स्मारकातील प्रतिकृतीत एक माणूस कोलूस जुंपलेला दिसतो. देवळ्याकडील जुन्या पिढीतील माणसाने बैलाचा तेलघाणा पाहिलेला असतो. बैलाच्या जागी माणूस ही कल्पनाच त्यास हादरवून सोडते, आणि प्रतिकृतीचे कार्य तेथे संपते. ग्रंथातील कोलू तेथे संपत नाही. दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढावयाचे. ते न निघाल्यास कोणी बोलावयाचे, कोणी मोजावयाचे, मोजताना कोणी कोणाकडून काय उकळावयाचे, याचे एक संपूर्ण अर्थकारण त्याभोवती उभे आहे. अलाहाबादच्या 'स्वराज्य' पत्राचे संपादक नंदगोपाल यांनी कोलू फिरविण्यास नकार दिला नाही. ते तो अतिशय संथपणे फिरवू लागले, आणि भोजनाची वेळ होताच शांतपणे जेवावयास बसले. येथे छळाचे यंत्रच प्रतिकाराचे साधन होते, आणि हतबुद्ध होतो तो पेटी ऑफिसर; कारण काम कमी भरले तर जाब त्यालाही द्यावा लागणार. जुंपलेला आणि जुंपणारा हे दोघेही त्याच दांडीस कसे बांधलेले आहेत, हे या एका प्रसंगात जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही प्रतिकृतीत होणार नाही.

ग्रंथाच्या उत्तरार्धात याहून अर्थपूर्ण गोष्ट घडते. अखेरच्या काळात खुद्द सावरकरांना तेलाच्या कोठारावर फोरमनचे काम मिळते. ज्या तेलासाठी त्यांनी कोलू ओढला, त्याच तेलाच्या देखरेखीवर ते येतात. लेखकाने ही गोष्ट लपविलेली नाही. उलट त्या अधिकाराचा उपयोग बंदिवानांच्या हितासाठी व आपल्या कार्यासाठी कसा केला, हे तो समाधानाने सांगतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु व्यवस्थेची रचना पाहणाऱ्या वाचकास येथे थबकणे भाग पडते. ही पायऱ्यांची योजना इतकी सर्वव्यापी होती की, तिचा सर्वांत कडवा विरोधकही अखेर तिच्या एका पायरीवर उभा राहिला. स्मारकातील कोठडीत केवळ एकाकी वीर दिसतो. ग्रंथातील माणूस व्यवस्थेत गुंतलेला, तिच्याशी झगडणारा, तिच्यातूनच वाट काढणारा आणि म्हणून अधिक खरा आहे. सरकारकडे केलेल्या अर्जांची चर्चाही तो स्वतः करतो, आत्मघाताच्या विचाराशी झालेला आपला वादही सांगतो. मूर्तीस जे झाकावे लागते, ते आत्मचरित्रास सांगता येते.

४

छळछावण्यांविषयीच्या युरोपीय वाङ्मयात या मधल्या प्रदेशाचे सर्वांत मर्मग्राही विवेचन प्रीमो लेवी या इटालियन लेखकाने केले. आउश्वित्झमधून वाचलेल्या लेवीचे पहिले पुस्तक १९४७ मध्ये आले. पण जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९८६ मध्ये, लिहिलेल्या अखेरच्या निबंधग्रंथात त्याने 'करडा प्रदेश' ही कल्पना मांडली. छळणारा आणि छळला जाणारा असे दोनच वर्ग मानणे मनास सोयीचे असते. प्रत्यक्षात छावणी चालते ती छळल्या जाणाऱ्यांपैकीच काहींना लहानसहान अधिकार देऊन. अशांचा न्याय करण्याची घाई करू नये, पण त्यांच्याकडे पाहण्याचे टाळूही नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

लेवीची कल्पना अंदमानास जशीच्या तशी लावता येणार नाही. छावणीतील मुकादमाच्या मागे मृत्यू उभा होता. अंदमानातील वॉर्डरापुढे तिकिटाची आशा होती. भीतीने केलेले सहकार्य आणि बढतीसाठी केलेले सहकार्य यांचे नैतिक वजन सारखे नाही. किंबहुना अंदमानाचे उदाहरण या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारे आहे. कारण आशेवर चालणारी दमनयंत्रणा तुरुंगाबाहेरच्या नित्याच्या जगाशी अधिक मिळतीजुळती असते. स्वतः आयरिश, म्हणजे एका पराधीन देशाचा पुत्र, असलेला बारी ब्रिटिश साम्राज्याच्या या तुरुंगाचा अधिपती होता, ही विसंगतीही याच प्रदेशातील होय.

द्विपक्षी मांडणीमुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात अंदमान जपानच्या ताब्यात होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) येथे तिरंगा फडकविला. त्याच वेळी हेरगिरीच्या संशयावरून पकडलेले अनेक निरपराध भारतीय याच सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोशीत होते. पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग १४ जानेवारी १९४४ रोजी या तुरुंगातच त्या छळाने मृत्यू पावले. पुढे ३० जानेवारी रोजी होम्फ्रेगंज येथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या. वीर आणि परकीय सत्ता यांच्या सरळ कथेत हे मृत्यू कोठे बसवावयाचे? तुरुंगाचे धनी बदलले, कोठड्या त्याच राहिल्या. क्रौर्य हे एखाद्या राष्ट्राचे नव्हे तर एखाद्या रचनेचे कार्य असू शकते, हा धडा वास्तूत दडलेला आहे. तो वाचून दाखविणारी मांडणी मात्र दुबळी आहे.

५

येथपर्यंतच्या विवेचनावरून ग्रंथ पूर्ण आणि स्मारक अपूर्ण असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ग्रंथासही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा अभ्यासाचा अपराध ठरेल. पहिली मर्यादा दृष्टिकोणाची. ग्रंथातील बंदिवान-अधिकारी पुष्कळदा पठाण अथवा अन्य मुसलमान आहेत, आणि त्यांचे जुलूम लेखक व्यवस्थेपेक्षा त्यांच्या धर्माच्या खात्यावर मांडतो. अधिकार्‍यांनी राजबंदींवर मुद्दाम असे पहारेकरी नेमले, हे तो सांगतो. पण त्या नेमणुकीचा अर्थ फोडा आणि झोडा या नीतीत शोधण्याऐवजी समाजाच्या स्वभावात शोधण्याकडे त्याचा कल दिसतो. वाचकाने त्याचे निरीक्षण घ्यावे आणि अनुमान तपासून घ्यावे.

दुसरी मर्यादा साक्षीची. सुशिक्षित राजबंदींनी लिहिले. सामान्य बंदिवानांनी लिहिले नाही. सावरकरांनी बंदिवानांत साक्षरतेचा प्रसार केला, ग्रंथसंग्रह जमविण्यासाठी खटपट केली, हे खरे; पण ज्यांना त्यांनी अक्षरे शिकविली त्यांपैकी कोणाचे आत्मवृत्त आपणापुढे नाही. बेटांवर मुळात राहणारे आदिवासी तर या सर्व लेखनाच्या कडेलाच राहिले. त्यांच्या भूमीवर ही वसाहत बसली आणि तिच्याबरोबर आलेल्या रोगांनी त्यांची संख्या झपाट्याने घटली.

म्हणून 'माझी जन्मठेप' एकटा वाचू नये. उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांचे बंगालीतील 'निर्वासितेर आत्मकथा' १९२१ मध्ये आले. बारींद्रकुमार घोष यांचे निवेदन १९२२ मध्ये इंग्रजीत आले. तोच तुरुंग, तोच बारी, तोच कोलू; पण उपेंद्रनाथांचा स्वर हसरा, स्वतःकडेही मिस्किलपणे पाहणारा आहे. सावरकरांच्या लेखनात जो प्रसंग संग्राम होतो, तो उपेंद्रनाथांच्या हाती प्रहसनाच्या जवळ जातो. सत्य या दोन स्वरांच्या मध्ये कोठे तरी आहे, असे नव्हे. दोन्ही स्वर मिळून ते अधिक भरीव होते.

६

व्हिएन्नात १९३१ मध्ये जन्मलेली आणि बालपणीच आउश्वित्झ अनुभवलेली रूथ क्लूगर हिने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात स्मारक झालेल्या छावण्यांविषयी एक मूलगामी आक्षेप घेतला. स्थळ जपता येते, काळ जपता येत नाही. छावणी ही केवळ जागा नव्हती, ती एका विशिष्ट काळातील जागा होती, आणि झाडून पुसून ठेवलेल्या आवारात तो काळ परत येत नाही, असे तिचे म्हणणे. सेल्युलर जेलच्या संदर्भात हा आक्षेप अधिकच लागू पडतो. कारण तेथे एक काळ नाही, अनेक काळ आहेत. १९०६ नंतरचा काळ, १९३२ ते १९३८ मधील राजबंदींचा काळ, जपानी ताब्याचा काळ आणि रुग्णालयाचा चालू काळ एकाच आवारात एकमेकांवर रचलेले आहेत. दर्शनार्थीस ते एकच वाटतात.

स्थळास त्याचा काळ परत देण्याचे काम वाङ्मयाचे आहे, आणि या कामात समीक्षेची जबाबदारी निश्चित आहे. आदर ही स्मारकाची पहिली अपेक्षा असते, पण ती शेवटची नसावी. केवळ वंदनावर थांबणारी स्मृती अखेर सुखद होते : वीर आमचे, दुष्ट परके, आणि आम्ही निर्दोष. 'माझी जन्मठेप'मधील वॉर्डर आणि जमादार या सुखास तडा देतात. ते परके नव्हते, राक्षसही नव्हते. थोडी बरी भाकर, थोडा हलका श्रम आणि तिकिटाची आशा यांसाठी त्यांनी शेजारच्या कोठडीतील माणसास छळले. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्न कोणत्याही संगमरवरी फलकावर कोरलेला नाही.

देवळ्याचा अथवा भगूरचा विद्यार्थी ज्या दिवशी त्या तिमजली चाळीपुढे उभा राहील, त्या दिवशी सावरकरांची कोठडी त्याने अवश्य पाहावी. नंतर मनोऱ्याकडे जाणाऱ्या मार्गिकेत, जेथे वॉर्डर रात्री कंदील घेऊन फेऱ्या घालीत असत, तेथेही त्याने क्षणभर थांबावे. कोठडीपुढे थांबण्याची सवय स्मारकाने लावली आहे. मार्गिकेत थांबावयास ग्रंथ शिकवितो.